‘पासून’ एकच, इंग्रजीत मात्र भानगडी

बी-२०४: गेस्ट रूमच्या पाटीचा इंग्रजी मजकूर टाकतेय, बघा जरा. ‘द बीच इज टू किलोमीटर्स फार फ्रॉम द सोसायटी. द स्टेशन इज विदिन टेन किलोमीटर्स फ्रॉम हिअर. नीअर टू द टेम्पल.’ संध्याकाळी छपाईला जायचंय.

ए-३०१: ताई, ‘फार’ मराठीतच राहू दे 😄 आकडा आला की इंग्रजी ‘फार’ बसत नाही. विचारताना ‘हाऊ फार’, नाही म्हणताना ‘नॉट फार फ्रॉम’. आकड्यापुढे नुसतं ‘फ्रॉम’ पुरे: ‘टू किलोमीटर्स फ्रॉम द सोसायटी’. कुठून ते गाळलंत तर ‘अवे’ हवंच: ‘द बीच इज टू किलोमीटर्स अवे’.

बी-२०४: आणि विदिन?

ए-३०१: त्याच्या जोडीला एका एफचा ‘ऑफ’: ‘विदिन टेन किलोमीटर्स ऑफ द सोसायटी’. पण विदिन म्हणजे दहाच्या आत कितीही, चारसुद्धा. नेमका आकडा माहीत असेल तर विदिन काढाच.

सी-१०५: एका एफचा, दोन एफचा… आम्ही दोन्ही ऑफच लिहितो सर.

ए-३०१: तिथेच घोळ होतो. एका एफचा म्हणताना ‘ऑव्ह’. दोन एफचा म्हणजे कडेपासून सुटलेलं, बाजूला असलेलं. हातखंबा हायवेवरच आहे, म्हणून ‘ऑन द हायवे’. फाट्यावरून तीन किलोमीटर आत असलेली वाडी ‘थ्री किलोमीटर्स ऑफ द हायवे’. समुद्राच्या बाजूलाही तेच: सिंधुदुर्ग किल्ला ‘ऑफ मालवण’, सुवर्णदुर्ग ‘ऑफ हर्णे’, मध्ये पाणी आहे म्हणून. गणपतीपुळ्याला ‘ऑफ द कोस्ट’ लिहिलंत तर देऊळच समुद्रात गेलं. ते ‘ऑन द कोस्ट’.

ए-१०२: 🙏😂

डी-४०२: खाडीचंही बघा. दाभोळच्या धक्क्यावरून धोपावे समोर दिसतं, फेरीबोटीने पलीकडे. गाडीरस्त्याने केवढा वळसा! पाहुणे नकाशावर सरळ रेघ मोजतात नि मग भांडतात. म्हणून धोपावे ‘अक्रॉस द क्रीक फ्रॉम दाभोळ’, आणि किलोमीटर द्यायचे तर पुढे ‘बाय रोड’ लिहायचंच.

ए-३०१: अगदी. आणि ताई, ‘नीअर’ला ‘टू’ नको, ‘नीअर द टेम्पल’. ‘टू’ लागतं ते ‘क्लोज’ला. ‘नेक्स्ट टू’ मात्र भिंतीला भिंत असेल तरच.

बी-२०४: सुधारलं: ‘द बीच इज टू किलोमीटर्स अवे. द स्टेशन इज टेन किलोमीटर्स फ्रॉम हिअर बाय रोड. नीअर द टेम्पल.’ खाली ‘टू किलोमीटर्स वॉक टू द बीच’ घालू का?

ए-३०१: घाला, पण ‘अ टू-किलोमीटर वॉक’. मध्ये जोडरेघ, आणि किलोमीटरचा एस गाळा.

सी-१०५: स्टेशन दहा कुणी मोजलं? गेटपासून की नाक्यापासून?

बी-२०४: नाक्यापासून. थांबा, छपाई उद्यावर टाकते.