‘न्यू मून’: नायक निघून गेल्यावरच गोष्ट अधिक आवडू लागली, असे आणखी कोणाला वाटले का?

सांजदिवा:
स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ने मला फारसे धरून ठेवले नव्हते. नववीतल्या मुलीच्या आग्रहाखातर 2006 सालचा दुसरा भाग ‘न्यू मून’ हाती घेतला आणि तीन रात्रींत संपवला. (ज्यांना तो वाचायचा आहे त्यांनी येथेच थांबावे, पुढे कथानक उघड होते.) बहुतेकांची तक्रार अशी असते की रक्तपिपासू नायक एडवर्ड सुरुवातीलाच फोर्क्स हे गाव सोडून जातो आणि अगदी शेवटाकडे परततो, मला मात्र नेमका तोच मधला भाग आवडला. नायिका बेलाचा अठरावा वाढदिवस, भेटवस्तूवरचा कागद सोडवताना बोटाला गेलेली बारीक चीर, रक्ताचा एक थेंब आणि त्यासरशी तिच्यावर झेपावलेला एडवर्डचा रक्तपिपासू भाऊ जॅस्पर, एवढ्याशा निमित्तातून लेखिकेने सगळा वियोग उभा केला आहे. तो पटतोही, कारण सतराव्या वर्षी कायमचा थांबलेला मुलगा आणि दर वर्षी मोठी होणारी मुलगी यांच्यातले अंतर पहिल्याच प्रकरणात दाखवलेले असते: स्वप्नात बेलाला आपली आजी दिसते, आणि समोर आरसा असून ती म्हातारी म्हणजे आपणच आहोत, हे तिला हळूहळू कळते.

आपल्याला हा भाग कसा वाटला? शिवाय, धोक्याच्या क्षणी भासणारा एडवर्डचा आवाज कानी यावा म्हणून बेला मुद्दाम जीव धोक्यात घालते, त्याविषयी मुलीशी कसे बोलावे?

नदीकाठ:
सांजदिवा, मी आपल्याशी सहमत आहे, आणि माझ्यासाठी त्याचे कारण चार कोरी पाने आहेत. एडवर्ड गेल्यानंतर पुस्तकात ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी एवढी महिन्यांची नावेच येतात. बाकी काही नाही. स्वतःच्या मनाची बारीकसारीक हालचाल सांगत आलेली निवेदक इथे बोलायचीच थांबते, आणि तिच्या दुःखाचे कोणतेही वर्णन एवढे परिणामकारक झाले नसते. 2009 च्या चित्रपटात खिडकीशी खुर्चीत बसलेल्या बेलाभोवती कॅमेरा फिरतो आणि बाहेरचे ऋतू बदलतात. ते दृश्य चांगले आहे. पण पुस्तकात केवळ आवाजरूपाने येणारा एडवर्ड पडद्यावर डोळ्यांना दिसू लागतो, तिथे मला काहीतरी हरवल्यासारखे वाटले. जाता जाता शीर्षकाबद्दल: न्यू मून म्हणजे आपली अमावास्या. ज्या भाषेत महिना अमावास्येलाच संपतो तिच्यात हे नाव अधिकच खोल उतरते.

दूरचा पाऊस:
मी काही वर्षे सिअ‍ॅटलमध्ये राहतो. फोर्क्स आणि ला पुश येथे जाऊन आल्यावर हे पुस्तक पुन्हा वाचले, तेव्हा मला त्याचा खरा जीव बेलाचा मित्र जेकब याच्या गॅरेजमध्ये सापडला. बेला कोणीतरी टाकून द्यायला काढलेल्या दोन मोटारसायकली घेऊन येते आणि जेकब त्या सुट्या करून, एकेक भाग पुसून पुन्हा जोडतो. या पानांत रक्तपिपासू कोणी नाही, शापही नाही. दोन मुले, कोमट सोडा आणि बाहेर पडणारा पाऊस. पण न बोलणारी मुलगी इथेच पुन्हा हसते, आणि म्हणूनच पुढे जेकब केस कापून, परक्यासारखा तिच्यासमोर उभा राहतो तेव्हा आपल्यालाही धक्का बसतो.

एक गोष्ट मात्र मुलीला अवश्य सांगा. जेकब ज्या जमातीचा दाखवला आहे ती ला पुशची क्विल्यूट ही खरी जमात आहे. आपले पूर्वज लांडग्यांपासून माणसे झाले ही त्यांची परंपरागत कथा आहे. रक्तपिपासूंशी वैर आणि त्यासाठी जेकबसारख्यांचे लांडग्यांत होणारे रूपांतर ही लेखिकेची भर. त्यांच्या भाषेत म आणि न यांसारखे अनुनासिक ध्वनी नाहीत, हे कळल्यावर मराठी माणूस म्हणून मी थक्क झालो होतो. समुद्राला लागून असलेल्या त्यांच्या वस्तीला त्सुनामीचा धोका आहे आणि उंचावर सरकण्यासाठी जमीन मिळावी म्हणून 2012 मध्ये अमेरिकेत कायदाही झाला.

ओसरी:
माझे मत थोडे वेगळे आहे. मधला भाग उत्तम आहे, हे मान्य. पण इतक्या कष्टाने सावरलेली बेला एडवर्ड संकटात असल्याचे कळताच जेकबला रस्त्यात सोडून इटलीला धावते, हे मला आजही खटकते. त्यामागची गैरसमजाची गुंफण मात्र पक्की आहे. एडवर्डने केलेला फोन जेकब उचलतो, बेलाचे वडील चार्ली अंत्यविधीला गेल्याचे सांगतो, त्यांचा मित्र हॅरी याचा तो अंत्यविधी एडवर्डला बेलाचा वाटतो आणि तो जीव द्यायला इटलीतल्या व्होल्टेराला जातो. भर दुपारी व्होल्टेराच्या चौकात, लाल झगे घातलेल्या गर्दीतून वाट काढत ती धावते, तेव्हा खटकणारे सारे विसरून मीही पाने उलटत गेले.

मुलीशी बोलताना बेलाने कड्यावरून मारलेल्या उडीपासून सुरुवात करू नये, असे मी सुचवेन. चार्लीपासून करावी. रात्रीमागून रात्री मुलीच्या किंकाळ्या ऐकणारा आणि शेवटी तिला आईकडे पाठवण्याची भाषा करणारा हा अबोल बाप बहुतेक वाचकांच्या नजरेतून निसटतो. त्याच्या जागी तू असतीस तर काय केले असतेस, एवढे विचारावे आणि तिला बोलू द्यावे.

सांजदिवा:
ओसरीताई, आपण म्हणालात तसेच विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “त्या चार कोऱ्या पानांत चार्ली रोज दाराबाहेर उभा असणार.” आता पुढचा भाग ‘एक्लिप्स’ आम्ही दोघी एकत्रच वाचायला घेत आहोत.