उजवा पाय ऐकत नाही

रविवार

बी-४०२ काका: नमस्कार मंडळी. परवा नव्या रॉयल एन्फिल्ड क्लासिकचे पेढे देताना सगळ्यांनी विचारलं, गाडी कशी आहे, आणि मी छाती फुगवून 'एकदम मस्त' म्हणालो. गाडी मस्तच आहे. मीच नापास होतोय. काल कर्वे पुतळ्याच्या अलीकडे दुसऱ्याचा तिसरा टाकायला उजवा पाय दाबला, तर गाडी कचकन थांबली. मागचा रिक्षावाला जे बोलला ते या ग्रुपवर लिहिण्यासारखं नाही.

बी-६०३: काका, उजवीकडे ब्रेक असतो ना? गिअर डावीकडे.

बी-४०२ काका: तुझ्या जन्माआधीपासून बुलेट चालवतोय रे. तिला गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. एक वर, तीन खाली. वरचा गिअर हवा असला की उजवा पाय खाली. या क्लासिकला नेमका तिथेच ब्रेक. डिलिव्हरी देणारा पोरगा म्हणाला, 'सेम आहे काका, फक्त बाजू बदललीय.' फक्त!

सी-२०१ येझदीवाले: ब्रिटिश खोड ती. ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए, सगळ्यांचे गिअर उजवीकडे. १९५५ ला मद्रासमध्ये बुलेटवाली एन्फिल्ड कंपनी सुरू झाली ती त्याच वळणाची. आमच्या येझदीचा गिअर मात्र पहिल्यापासून डावीकडे. तोच दांडा आत दाबून उभा केला की किक. एका दांड्यात दोन कामं.

बी-४०२ काका: आणि मागच्याच्या डोळ्यांत धूर. तिसरं काम.

सी-२०१ येझदीवाले: 😂

ए-१०४ काकू: गिअर कुठे का असेना, गाडी माझ्या स्कूटरला टेकवू नका. काल आरसा वाकडा होता.

बी-४०२ काका: क्षमस्व काकू. १९५ किलोचं धूड आहे. रॅम्पच्या उतारावर मागे ढकलताना कमरेत कळ आली, म्हणून जिथे थांबली तिथेच सोडली.

बी-६०३: काका, उतारावर तोंड आत करून लावू नका. बाहेर काढताना चढावर मागे ढकलावी लागते. आधीच वळवून तोंड बाहेर ठेवा.

सेक्रेटरी: बी विंगला आज दुपारी २ ते ४ पाणी नाही. टाकी धुणार आहेत. पार्किंगच्या पट्ट्यांबद्दल मीटिंगमध्ये बोलू.

ए-५०२ ताई: काका, मनाला लावून घेऊ नका. मी स्कूटरवरून मोटरसायकलवर आले तेव्हा माझा डावा हात असाच होता. स्कूटरला डावीकडे ब्रेक, इथे क्लच. समोर कोणी आलं की मी जोरात क्लच दाबायची आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटायची. नीट चालवताना सगळं आठवतं हो, घाबरलो की जुनंच बाहेर येतं. म्हणून मोकळ्या मैदानात नुसतं थांबायचा सराव केला. दहा पावलं जायचं, थांबायचं. रोज तीस-चाळीस वेळा. लोक बघत होते. बघू देत.

बी-४०२ काका: घाबरलो की जुनंच बाहेर येतं, हे अगदी खरं. परवा कुत्रं आडवं आलं. मी डावा पाय दाबला. ब्रेक कुठला, तिसऱ्याचा दुसरा पडला आणि गाडी नुसती गुरगुरली. कुत्रं शहाणं, तेच बाजूला झालं.

बी-६०३: तुम्ही हाताचा ब्रेक वापरतच नाही का?

बी-४०२ काका: जुनीचा पुढचा ड्रम ब्रेक म्हणजे हँडलची शोभा होती. सगळा भरवसा पायावर.

बी-६०३: हिला पुढे डिस्क ब्रेक आहे, एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. पायाचा गोंधळ मिटेपर्यंत उजव्या हातावर भर द्या. चार बोटांनी खेचू नका, दोन बोटांनी दाबत न्या. वळणात आणि खडीवर जपून.
आणि एक. चौथ्यात पंचविशीने डुगडुगत येता, ते सोडा. रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंत, जास्त पिळायची नाही हे बरोबर, पण वरच्या गिअरमध्ये रडवायचीही नाही. एकाच वेगाने लांब जाऊ नका, कमी-जास्त करा. ५०० किलोमीटरला पहिलं सर्व्हिसिंग.

बी-४०२ काका: जुनीला चारच होते रे. पाचवा आहे हेच विसरतो. आणि टाचेने दाबलं की थेट न्यूट्रल मिळायचं, ते सुख गेलं. आता सिग्नलला थांबलो की न्यूट्रलचा हिरवा दिवा लागेपर्यंत पाय वर-खाली. त्यावर माझा रुसवा कायम राहील.

ए-१०४ काकू: दिवसा लाइट लावून का फिरता? मी गॅलरीतून किती हात केले.

बी-४०२ काका: तुम्हीच नाही, अख्खं कोथरूड मुठी उघडून-मिटून दाखवतं. तो बंदच होत नाही काकू. बटणच नाही. २०१७ पासून सगळ्या नव्या दुचाक्यांना तसंच.

ए-१०४ काकू: बरं. बॅटरी उतरली की कळेल.

ए-५०२ ताई: काका, शेवटचं. जुनी बुलेट महिनाभर झाकून ठेवा. आज ही, उद्या ती, असं केलंत तर पाय कधीच शिकणार नाही.

बी-४०२ काका: झाकतो. जीवावर येतंय, पण झाकतो.

पाच आठवड्यांनंतर

बी-४०२ काका: ५०० चं सर्व्हिसिंग झालं. पानशेतला जाऊन आलो, एकदाही चूक नाही. त्या आनंदात आज जुनीवरची चादर काढली. किक हळूहळू दाबत अँमीटरचा (बॅटरीच्या करंटचा) काटा मध्ये आणला, किक हलकी करणारा डीकॉम्प्रेशनचा खटका दाबला, दुसऱ्या किकला सुरू. डोळ्यांत पाणी आलं.

सी-२०१ येझदीवाले: वा! मग?

बी-४०२ काका: मग गेटपाशी वॉचमन आडवा आला. ब्रेक म्हणून उजवा पाय दाबला, तर दुसऱ्याचा तिसरा पडला.

सेक्रेटरी: वॉचमन ठीक आहे. कुंडी सोसायटीची होती.