राजा दिसतो, पखालजी दिसत नाही

नेरुळकर (धागाकर्ता)
ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरने जाता-येता गेल्या दोन वर्षांत मी बऱ्याच फॅन्टसी मालिका वाचून काढल्या. आवडीने वाचल्या, अजूनही वाचतो. पण एक गोष्ट आता सलायला लागली आहे. 40,000 स्वार प्रकरणाच्या सुरुवातीला निघतात आणि प्रकरण संपायच्या आत शत्रूच्या वेशीवर हजर. वाटेत घोडं पाणी पीत नाही, कुणाचा नाल निघत नाही, ज्या गावांतून फौज गेली तिथे मागे काय उरलं हे कुणी विचारत नाही.

घोड्याला दिवसाला ढोबळमानाने 10 किलो चारा-दाणा धरा. 40,000 घोड्यांना रोज 400 टन. हा आणायचा कुठून? सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: 25 बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, आणि दर 25 घोड्यांमागे एक पखालजी (पखालीतून पाणी वाहणारा) नि एक नालबंद. पाणी आणि नाल, दोन्हींची सोय आधी, लढाई नंतर.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना (लष्करी अंमलदारांना) गेलेलं महाराजांचं पत्र तर मी कितीदा वाचलं असेन. आत्ताच दाणा-गवत वाटेल तसं खर्च केलंत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. कुणब्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात पळवेल आणि गवताची गंजी पेटेल. उंदराने पळवलेली वात ज्याला दिसते, असा राजा मला एकाही फॅन्टसीत भेटलेला नाही. म्हणून माझं मत: फॅन्टसीला सिंहासन कळतं, राज्य कळत नाही.

पाचपाखाडी
अजिबात पटलं नाही. चाऱ्याचा हिशेब हवा असेल तर दफ्तरखान्यात जा. कादंबरी मी माणसांसाठी वाचते. भावाने भावावर तलवार का उपसली, हे मला फॅन्टसीने जास्त नीट समजावलं आहे. शाळेच्या पुस्तकात फक्त सन आणि तहाची कलमं होती.

कळवेकर
नेरुळकर, इतिहास तरी कुठे तुम्ही म्हणता तसा कोरडा हिशेब आहे? आपल्या ठाण्याचंच घ्या. हे श्रीस्थानक म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. 1265 च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने त्यांचा पाडाव केला आणि शेवटचा राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला. हेमाद्री लिहितो की महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल (पाण्याखालचा अग्नी) बरा वाटला. आता हे वाक्य इतिहासातलं की फॅन्टसीतलं? हेमाद्री महादेवाच्याच पदरी होता. जिंकणाऱ्याच्या दरबारात बसून लिहिलेलं काव्य आपण साधन म्हणून वाचतो आणि ड्रॅगन आला की नाक मुरडतो, हे बरोबर नाही.

नेरुळकर
हेमाद्रीचा मुद्दा मान्य. पण त्याच देवगिरीचं पुढचं बघा. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा तिथला यादव राजा रामदेवराय, त्याची मुख्य फौज त्याच्या मुलाबरोबर बाहेर होती. किल्ल्यात घाईघाईने पोती चढवली, आणि इतिहासकार फेरिश्ता सांगतो की धान्य म्हणून नेलेली ती पोती उघडली तर मिठाची निघाली. एवढा बेलाग किल्ला, भोवती कडे तासलेले, आणि आत खायला मीठ! पाचपाखाडीताई, यात माणूस नाही का? ते पोतं उघडणाऱ्या शिपायाचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. चाऱ्याच्या हिशेबातूनच तो चेहरा दिसतो.

मासुंदाकाठ
मी इतिहास शिकवते, म्हणून दोघांनाही थोडा विरोध. चारा-पाणी हा फॅन्टसीचा मोठा दोष नाही. मोठा दोष असा की राजा आणि रयत यांच्यामध्ये तिथे कुणी नसतं. आपल्याकडे देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार अशी सगळी उतरंड होती. राजा बदलला तरी गावचा पाटील तोच. वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क, सांभाळायचं म्हणून माणसं पक्ष बदलायची, त्यात त्यांना द्रोहही वाटायचा नाही.

अफजलखान आला तेव्हा, 1659 मध्ये, आदिलशाही फर्मानं मावळच्या देशमुखांना पोचली. खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी जेधे मुलांना घेऊन महाराजांपुढे उभे राहिले आणि वतनावर पाणी सोडलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं वतन! त्या एका कृतीचं मोल कळायला आधी वतन म्हणजे काय ते कळावं लागतं. फॅन्टसीतला सरदार ‘मी तुमच्याशी एकनिष्ठ आहे’ म्हणतो तेव्हा तो काय पणाला लावतोय, हेच मला दिसत नाही.

आणि या कादंबऱ्यांचा साचा बहुतेक युरोपचा असतो हेही विसरू नका. तिथेही सरंजामदाराची चाकरी बऱ्याच ठिकाणी वर्षाला 40 दिवसांची. मुदत संपली की तो घरी जायला मोकळा. वर्षानुवर्षं वेढा घालून बसणारं फॅन्टसीतलं सैन्य तिथेही सहज उभं राहिलं नसतं.

पाचपाखाडी
वतनाचं पटलं. चाऱ्याचं अजून नाही.

कळवेकर
बोरिवलीला एक्सरचे वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारक-दगड. काही अभ्यासक त्यांचा संबंध याच सोमेश्वर-महादेव लढाईशी जोडतात. मी बराच वेळ त्यांच्यासमोर उभा होतो. दगडात होड्या कोरल्या आहेत, होड्यांच्या कडेला वल्ह्यांची रांग. एकेक वल्हं वेगळं दिसतं. ती ओढणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठे नाही आणि कुठला इतिहासकार ते आता आणून देणार नाही. त्यांच्यापैकी एकाला नाव, घर, आई द्यायची असेल तर ते काम कल्पनेनेच करावं लागेल. म्हणून नेरुळकर, तुमचा पखालजी मला हवाच आहे, पण मी त्याला फॅन्टसीतच शोधणार.