मानेला गाठ लागली तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

सायली_३४:
गेल्या वर्षी बहिणीची वेणी घालताना तिच्या मानेला डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून आम्ही तीन महिने गप्प बसलो. तोवर चार गाठी होऊन एकमेकींना चिकटल्या. सुई घालून तपासलं, क्षय निघाला. आजी लगेच म्हणाली, "गंडमाळ!" शब्द घरातलाच, पण आमच्यापैकी कुणालाच सुचला नाही. दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे कुणी सांगितलं नव्हतं, ती रडायलाच लागली. दुसऱ्या महिन्यात गाठ उलट फुगली. उपचार नीट चालू असतानाही असं होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि गोळ्या तशाच चालू ठेवल्या. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. नुसत्या गाठींचा क्षय दुसऱ्याला लागत नाही, तरी घरात तिचा कप वेगळा ठेवला गेला. ते मला अजून खुपतं. तुमच्याकडे काय झालं, लिहा.

गोदाकाठ:
मुलगा सहा वर्षांचा. मानेच्या मागे बारीक बारीक गाठी. मी रात्रभर नको ते वाचत बसले. बालरोगतज्ज्ञांनी आधी केस बाजूला करून डोकं पाहिलं: उवा, आणि खाजवून चिघळलेले फोड. "अवधाण आलंय," म्हणाले. डोकं बरं झालं तशा गाठी बसल्या.

रानवारा:
बाबांना चाळीस वर्षं तंबाखू. जबड्याखाली दगडासारखी टणक गाठ, हलत नव्हती. पाच आठवडे अँटिबायोटिक चाललं. शेवटी दाताच्या डॉक्टरांनी जीभ उचलून पाहिली तर खाली जखम होती. तोंडात बॅटरी मारून बघा म्हणायला मी आधीच हवं होतं.

अनामिक:
वय २४, गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ. रात्री घामाने उशी भिजायची, अंगाला खाज. पुरावा नसताना क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन महिने गेले. नवीन डॉक्टरांनी अख्खी गाठ काढून तपासायला पाठवली, कारण सुईतून येणाऱ्या थोड्या पेशींवरून लिम्फोमाचं (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचं) निदान अनेकदा होत नाही. हॉजकिन्स हा लिम्फोमाचा प्रकार निघाला. दर पंधरा दिवसांनी केमो. आज चार वर्षं झाली, मी नोकरी करतोय. निदान कशावरून केलं ते विचारा, रिपोर्ट हातात घ्या.

मोगरा:
उद्या आईची सुई आहे. फार दुखतं का?

सायली_३४:
ताई, रक्त काढताना टोचतं तेवढंच, दोन-तीनदा. नंतर कापूस दाबून धरायचा. जुनी सोनोग्राफी सोबत न्या. आणि सीबीनॅट (क्षयाचे जंतू शोधणारी तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) यांसाठी नमुना पाठवणार का, ते आधीच विचारा. सगळाच फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रवात) टाकला तर त्यातून कल्चर होत नाही. बहिणीच्या वेळी तेच झालं, पुन्हा टोचावं लागलं.