चिखलदरा घाटाची वेळ पाहून 'सुई मारली' असं म्हणता येतं का?

मोर्शीकर
परतवाड्याकडून चिखलदऱ्याला चढणाऱ्या खुल्या सायकल शर्यतीत खेड्यातल्या एका नव्या पोट्ट्याने नावाजलेल्यांना मागे टाकलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर 'सुई मारून आला', म्हणजे बंदी असलेलं औषध घेऊन आला, असं सुरू झालं. पुरावा काय, तर घाटाची वेळ. टूर दे फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीत तिथल्या विजेत्या पोगाचारवरही लोक हाच हिशेब लावतात. जाणकारांना तीन प्रश्न. वेळेवरून खरंच काही कळतं का? गावच्या लॅबमध्ये रक्त तपासून निकाल लावता येतो का? आणि पुढच्या वर्षी समितीने काय करावं?

घाटवाला
आधी हिशेब मांडा, मग बोंबला. चढाची उंची मीटरमध्ये घ्या, लागलेल्या मिनिटांनी भागा, ६० ने गुणा. हा झाला तासाला चढलेल्या मीटरचा आकडा. त्याला (२०० + १० × चढाची टक्केवारी) ने भागलं की किलोमागे वॅट, म्हणजे वजनाच्या दर किलोला पायांनी लावलेली ताकद, मिळते. हे सूत्र रूढ केलं मिकेले फेरारीने. औषधं घेऊन टूर जिंकणाऱ्या आर्मस्ट्राँगचा हा डॉक्टर, २०१२ मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली. संशय मोजायची पट्टीही त्याच्याच दवाखान्यातली!

२०२४ च्या टूरमधला प्लातो द बेय हा घाट घ्या. १५.८ कि.मी., सरासरी ७.९ टक्के, म्हणजे साधारण १२५० मीटर. पोगाचार ४० मिनिटांच्या थोडा आत चढला, सूत्राने ६.७ वॅट येतात. इटलीच्या पंतानीला त्याच घाटात १९९८ मध्ये साडेत्रेचाळीस मिनिटं लागली होती, म्हणजे ६.२. पंतानीला पुढच्याच वर्षी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ५० च्या वर निघाल्याने जिरो या इटलीच्या शर्यतीतून घरी पाठवलं होतं. त्याच्यापेक्षा साडेतीन मिनिटं लवकर म्हटल्यावर लोकांच्या भुवया वर जाणारच. पण टायर, हवेला कापणारे कपडे, तासाला १०० ग्रॅमच्या पुढे गेलेली साखर, आणि प्रतिस्पर्धी विंगेगोच्या संघाने घाटात आधीच ओढलेला वेग हे सगळं त्या ६.७ मध्ये मिसळलेलं आहे. ते वेगळं काढता येत नाही.

आता आपला घाट. समजा ८ कि.मी.च्या तुकड्यात ४४० मीटर चढ, वेळ २४ मिनिटं. उत्तर ४.३. मोबाइलने उंची ३० मीटर जास्त दाखवली असेल तर खरं उत्तर ४.१. या वेगाला ६५ किलोच्या पोराला पाठीवर ताशी १० कि.मी.ची हवा मिळाली तर २५ वॅट आयते सुटतात, म्हणजे किलोमागे जवळपास ०.४. वजन कुणी काट्यावर केलं होतं का? तेही अंदाजानेच. आणि ४.३ हा आकडा पहाटे दूध घालून मग सराव करणारं धडधाकट पोट्टं नुसत्या मेहनतीने गाठतं. त्यात संशय घेण्यासारखं काहीच नाही.

लाल_पेशी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका.

तालुक्याच्या लॅबमध्ये सीबीसी होतं, त्यात हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही, म्हणजेच हिमॅटोक्रिट, येतं. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, यूसीआयने, १९९७ मध्ये ५० टक्क्यांची मर्यादा लावली, कारण तेव्हा ईपीओ, म्हणजे लाल पेशी वाढवणारं औषध, पकडायची चाचणीच नव्हती. परिणाम असा की लोक ४९ पर्यंत मोजूनमापून घेऊ लागले. शिवाय उन्हात घाम गाळून आलेल्या माणसाचं रक्त तसंही घट्ट होतं, मे महिन्यातला आकडा फसवा येतो. आपल्या भागात सिकलसेलचे वाहक बरेच. मुलाच्या आजाराची खाजगी गोष्ट ग्रुपवर फिरेल, आणि हाती काहीच लागणार नाही.

म्हणून २००८ पासून जैविक पासपोर्ट आला. त्यात खेळाडूची तुलना त्याच्याच जुन्या आकड्यांशी होते. हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये घ्यायचं, त्यातून रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या लाल पेशींच्या, टक्केवारीच्या वर्गमुळाची ६० पट वजा करायची. हिमोग्लोबिन १५०, रेटिक १ टक्का, तर ९०. स्वतःचंच साठवलेलं रक्त परत चढवलं की हिमोग्लोबिन वाढतं आणि शरीर नव्या पेशी बनवायचं थांबवतं. १६५ आणि ०.३ झालं की उत्तर १३२, तिथे तज्ज्ञांचे कान टवकारतात. त्यासाठीही व्यायामानंतर ठरलेला वेळ थांबायचं, १० मिनिटं बसून राहायचं, मग रक्त काढायचं, आणि नमुना थंड ठेवून नेमलेल्या प्रयोगशाळेत पोचवायचा. एका दिवसाच्या एका रिपोर्टवर हा निकाल लागत नाही.

'चाचणीत सापडला नाही म्हणजे निर्दोष' हेही तितकंच पोकळ. आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं चाचण्या देत राहिला. १९९९ ते २००५ ची सात टूर विजेतेपदं २०१२ मध्ये गेली ती मुख्यतः सोबत्यांच्या साक्षींवर. उलट बाजूला टूर जिंकणारा फ्रूम आहे: २०१७ च्या व्हुएल्टा या स्पेनच्या शर्यतीत साल्ब्युटामॉल हे दम्याचं औषध मर्यादेबाहेर आलं, २०१८ च्या जुलैत प्रकरण बंद झालं. पण लोकांचा संशय त्याच्या आधीपासूनचा. २०१५ च्या टूरमध्ये त्याच्या अंगावर लघवी फेकली होती.

सातपुडा_चाकं
भाऊ, ईपीओ फ्रिजमध्ये ठेवा लागते, महाग येते, इथल्या पोट्ट्याले कोण देऊन राह्यलं? आपल्याकडचा धोका गल्लीतल्या दवाखान्यात आहे, आणि तो कोणी पाहूनच नाई राह्यलं.

एक, सलाईन. 'अशक्तपणा आला, बाटली लावून घे' हे घराघरात चालते. वाडाचा, म्हणजे उत्तेजकविरोधी जागतिक संस्थेचा, नियम: १२ तासांत १०० मिलिलिटरच्या वर शिरेतून काहीही घेतलं तर ते निषिद्ध. भरती होऊन केलेला उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी असेल तरच सूट. बाटली ५०० ची असते. आत नुसतं मीठ-पाणी असलं तरी गुन्हाच.

दोन, अंगदुखीची सुई. त्यात बहुतेकदा डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, असते. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात कुठल्याही मार्गाने टोचलेलं स्टेरॉइड बंद. दंडात किंवा कमरेत घेतलेली डेक्सामेथासोन किमान ५ दिवस आधी थांबली पाहिजे, ट्रायमसिनोलोन ६० दिवस. स्पर्धेचा काळ आदल्या रात्री ११:५९ ला सुरू होते, झेंडा पडल्यावर नाई.

तीन, पोलीस भरतीवाल्या पोट्ट्यांत फिरणारी मेफेन्टरमिन. ऑपरेशनच्या टेबलावर पडलेला बीपी वर आणायचं औषध आहे ते. उन्हात घाट चढताना ते घेणं म्हणजे हृदयाशी खेळ. बंदी पुढची गोष्ट, जीव आधी.

मोर्शीकर
आणि खोकल्याचं औषध? त्या पोराला शर्यतीच्या आठवड्यात खोकला होता म्हणतात.

सातपुडा_चाकं
बाटलीचं नाव नको, मागचा बारीक मजकूर वाच. ॲम्ब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन चालते. पण त्याच बाटलीत टर्ब्युटॅलिन हे श्वासनळी मोकळी करणारं औषध असलं तर बाराही महिने बंदी. साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल पिऊन घेतलं तरी बंदीच. पंपाने साल्ब्युटामॉल ओढायला मुभा आहे, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, त्यातही कोणत्याही ८ तासांत ६०० च्या वर नाई. खोकला खरा होता हे सांगून सुटका होत नाई, शरीरात जे सापडलं त्याचा जबाबदार खेळाडूच. दमा असेल तर कागद आधी करून ठेवा.

लाल_पेशी
समितीसाठी. नमुना घेणं तुमचं काम नाही, ते नाडाचं, म्हणजे भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेचं. त्यांच्या अधिकाऱ्यासमोर किमान ९० मिलिलिटर लघवी, खेळाडूने स्वतः निवडलेला संच, ए आणि बी अशा दोन बाटल्या, झाकण त्यानेच घट्ट करायचं. स्टीलच्या डब्यात घेतलेला नमुना कुठेच टिकणार नाही, उलट बदनामीचा दावा तुमच्यावर येईल. खरोखर काही माहिती असेल, म्हणजे कुणी विकलं, कुठे, कधी, तर ती नाडाला गुप्तपणे कळवा. नाव नोंदवतानाच सुई आणि सलाईनबद्दलचा अर्धा पानाचा मराठी कागद प्रत्येकाच्या हाती द्या. यूसीआयने २०११ पासून उपचाराची गरज नसताना सुई घेण्यावरच बंदी घातली आहे, तेवढी एक ओळ तुमच्या नियमातही घ्या.

घाटवाला
आणि सायकल तपासा, हे मात्र तुमच्या हातात आहे. २०१६ मध्ये बेल्जियमच्या झोल्डरला सायक्लोक्रॉस या चिखलवाटेच्या सायकल शर्यतीच्या जागतिक स्पर्धेत सायकलमध्ये लपवलेली मोटर सापडली, सहा वर्षांची बंदी झाली. तुमच्याकडे एक्स-रे नसला तरी सीटपोस्ट काढून नळीत टॉर्च मारा, क्रँक उलटसुलट फिरवून जड जातो का पाहा. पहिल्या पाचांच्या सायकली काट्यावर ठेवा, शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच, टेम्पोत चढायच्या आधी. आणि वेळ हातघड्याळाने घेऊ नका. दोन ठिकाणी दोन माणसं, तीच दोन ठिकाणं दर वर्षी. मग तीन-चार वर्षांनी त्या पोट्ट्याची तुलना त्याच्याशीच करता येईल.

मोर्शीकर
कागदाचा मसुदा रविवारी इथे टाकतो. सातपुडा दादा, औषधांची नावं एकदा तपासून द्याल का?