ड्रम मशीनच्या १६ चौकोनांत रूपक ताल कसा बसवायचा? मदत हवी आहे

मी सांगलीत हौशी तबला वाजवतो. शाळेपासूनचा मित्र टोरंटोत ड्रम्स वाजवतो. ऑनलाइन एकत्र वाजवायचा नाद आम्ही केव्हाच सोडला, आवाज पोचेपर्यंत सम (आवर्तनाची पहिली मात्रा) निघून जाते. आता ब्राउझरमधल्या एका फुकट ड्रम मशीनवर ठेका मांडायचा आणि दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, असं चाललंय. मी रात्री पाठवतो, तेव्हा त्याची दुपार असते. त्याने स्नेअर ड्रमचा एखादा ठोका इकडचा तिकडे केला की नवा दुवा तयार. जुना तसाच राहतो, त्यामुळे भांडणं होत नाहीत.

तीनताल, केरवा मजेत बसले. मशीनवर १६ चौकोन आहेत. केरव्याच्या ८ मात्रांना प्रत्येकी दोन. घोडं अडलंय रूपकवर. ७ मात्रांना १४ चौकोन लागतात आणि शेवटचे दोन रिकामे राहतात. दर आवर्तनाला एक आगंतुक आठवी मात्रा येऊन बसते. दुव्याच्या शेपटीला एक-शून्यांची रांग दिसते, म्हणून शेवटची शून्यं हाताने खोडून पाहिली. पान उघडलं की परत हजर.

त्यात मित्राचा वेगळाच घोळ. पहिल्या चौकोनात किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. अरे, रूपकची समच ‘खाली’वर, म्हणजे डग्ग्याचा घुमारा नसलेल्या जागी! ‘ती ती ना’ला डग्गा बंद, घुमारा चौथ्या आणि सहाव्या मात्रेच्या ‘धी’ला. फोनवर समजावलं, पटलं म्हणाला, आणि पुढच्या दुव्यात पुन्हा तेच.

लांबी १४ करता येईल आणि ती दुव्यातही टिकेल, असं काही फुकटात आहे का? मोबाईलवर चालायला हवं. डग्ग्याची मींड (घसरता सूर) यात येणार नाही हे माहीत आहे, त्यावर सल्ले नकोत.

प्रतिसाद १
१६ चौकोनांच्या पट्ट्या एकापुढे एक जोडता येतात का बघा. १६ च्या ७ पट्ट्या म्हणजे ११२ चौकोन, त्यात १४ चा रूपक बरोबर ८ वेळा बसतो. भरताना डोकं फिरेल, कारण दर पट्टीत सम दोन घरं मागे सरकते. आधी कागदावर मांडा.

धागाकर्ता
जोडता येतात, ८ पर्यंत! चार भरल्या. पण दुवा आता चार ओळींचा झालाय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धाच निळा दिसतोय. मित्राकडे दोनच पट्ट्या उघडल्या, त्यातल्या पहिलीत त्याने लगेच किक टाकली. हा दुवा अख्खा कसा पाठवायचा?