पत्र्याखालच्या माळ्यासाठी टर्बो व्हेंटिलेटर: एक की दोन?

वऱ्हाडकर: अकोल्यात ३० × २० फुटांचं बैठं घर. वर दोन पाखी रंगीत पत्रा, खाली पीव्हीसी सीलिंग. मधली पोकळी आढ्यापाशी ५ फूट, वळचणीला जेमतेम ९ इंच. वळचण सिमेंटने बंद आहे. मे महिन्यात रात्री दहापर्यंत सीलिंग गरम. वाऱ्यावर फिरून आतली गरम हवा बाहेर ओढणारा २४ इंची टर्बो एक पुरेल की दोन? की सरळ एक्झॉस्ट पंखा लावावा?

आढं_वासा: टर्बोचं नंतर बघा, आधी वळचण फोडा. खालून हवा यायला वाटच नसेल तर टर्बो नुसता फिरेल आणि ओढलीच तर सीलिंगच्या फटींतून खोलीतली हवा ओढेल.

ढोबळ हिशेब: सीलिंगच्या क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग उघडा ठेवायचा, निम्मा खाली, निम्मा वर. ६०० चौ. फुटांना ४ चौ. फूट, म्हणजे वर २ आणि खाली २. २४ इंची टर्बोचा गळा ३ चौ. फुटांहून थोडा जास्त, म्हणजे एकच पुरतो. खाली त्याहून जास्त जागा ठेवा: १ फूट × ६ इंचांची दहा भोकं, लांबीच्या दोन्ही भिंतींत पाच-पाच. एकूण ५ चौ. फूट होतात, पण जाळी त्यातला काही भाग खाते. जाळी पाव इंची वेल्डमेश घ्या, उंदीर-वटवाघळं अडतात. डासांची जाळी धुळीने चोंदते.

टर्बो आढ्याला लागून बसवा आणि त्याच्या बेसची वरची कड आढ्याच्या टोपीखाली सरकवा. नुसत्या सिलिकॉनवर भरवसा ठेवला तर उन्हाने ते सुटतं आणि पावसाळ्यात गळती लागते.

उष्माघात: वरचं सगळं बरोबर, पण अपेक्षा बेताची ठेवा. बाहेर ४४ अंश असताना माळा त्याहून थंड होणार नाही. शिवाय तापलेला पत्रा हवेची वाट न बघता सरळ खाली उष्णता फेकतो, ती झरोक्यांनी थांबत नाही. पत्र्याला बाहेरून पांढरा परावर्तक रंग द्या आणि आतून कैच्यांना (पत्रा पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांना) ॲल्युमिनियमची फॉइल ताणा. पत्रा आणि फॉइलमध्ये किमान १ इंच पोकळी हवीच. चिकटवलं तर फॉइलचा उपयोग जवळजवळ संपला. चकाकती बाजू खाली, तिच्यावर धूळ बसत नाही. आढ्यापाशी आणि वळचणीला फॉइल ३ इंच आखूड ठेवा, नाहीतर केलेली भोकं तुम्हीच बुजवाल.

पैसे एकाच कामापुरते असतील तर मी रंग निवडेन.

वऱ्हाडकर: आणि एक्झॉस्ट? खाली डेझर्ट कूलर आहे.

आढं_वासा: वारा पडलेल्या संध्याकाळी टर्बो मंदावतो, तेव्हा पंखा कामाचा. तुमच्या माळ्याला ताशी ७००-८०० घनमीटरचा पुरे, त्रिकोणी भिंतीत वरच्या टोकाला, थर्मोस्टॅटसह. मात्र टर्बो आणि पंखा शेजारी नकोत. पंखा टर्बोमधूनच हवा आत ओढतो आणि खालची भोकं बिनकामाची राहतात.

उष्माघात: कूलर असेल तर पंख्याआधी हे करून बघा. कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट लागतेच. ती खिडकीऐवजी सीलिंगमधल्या २ × २ फुटांच्या झडपेतून वर सोडा, कूलरपासून लांबच्या कोपऱ्यात. खोलीतून निघालेली तीच हवा माळा धुऊन टर्बोतून जाते. कूलर बंद केला की झडप बंद, आणि दिव्यांच्या भोवतीच्या फटी आधी बुजवलेल्या हव्यात. पावसाळ्यात हा प्रकार नको, दमट हवा पत्र्याला लागून पाणी ठिबकतं.